कॉन्व्हेंटचं तोंड, घरचा कान

आधीच सांगून टाकते, मी कॉन्व्हेंटची! पाढे इंग्रजीत, प्रार्थना इंग्रजीत, आणि घरी आल्यावर आईची मराठी. त्यामुळे मी मराठी विभागासाठी लिहितेय म्हटल्यावर आमची अर्धी विंग हसली. असो. मला या हसण्याबद्दलच बोलायचं आहे.

मित्रमैत्रिणींनो, आपल्या होस्टेलवर दोन प्रकारचं हसू चालतं. मराठी मीडियमच्या कुणी 'व्ही' आणि 'डब्ल्यू' एकसारखे उच्चारले की सेमिनारमध्ये मागच्या बाकावर खुसखुस. आणि बाहेरच्या राज्यातून आलेल्याने 'बाळ'ला 'बाल' म्हटलं की मेसमध्ये हशा. गंमत म्हणजे दोघांचं कारण एकच आहे!

भाषेची सगळ्यात लहान वीट म्हणजे स्वनिम. नुसता आवाज नव्हे, तर अर्थ बदलणारा आवाज. 'काल' येऊन जातो, 'काळ' सबमिशनच्या दिवशी येतो. फरक फक्त ल आणि ळ चा. अशा काही डझन विटांवर लाखो शब्द उभे आहेत.

आता आपल्या भाषेत सांगायचं तर तोंडातून निघणारा सिग्नल ॲनालॉग असतो. इंग्रजीतल्या 'बा' आणि 'पा'त फरक असतो तो ओठ उघडल्यावर किती मिलिसेकंदांनी स्वरतंतू कंप पावू लागतात याचा. पण कान त्याचं डिजिटल करून टाकतो. एका मर्यादेपर्यंत सगळं 'बा', पुढे एकदम 'पा'. मधलं काही नाही! १९७१ मध्ये पीटर आयमास आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की एक ते चार महिन्यांच्या तान्ह्या बाळांनाही हा फरक कळतो. नवा आवाज आला की बाळं चोखणी जोरात चोखू लागायची, हेच त्यांचं मीटर.

पुढचा प्रयोग तर आपल्या घरचाच. १९८४ मध्ये कॅनडात जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीज यांनी इंग्रजी घरातल्या बाळांना हिंदीतले त आणि ट ऐकवले. सहा-आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना फरक कळला. दहा-बारा महिन्यांच्या बाळांपैकी फारच थोड्यांना कळला. म्हणजे वर्षाच्या आत कान ठरवतो, की घरात लागतात त्या विटा ठेवायच्या, बाकीच्या माळ्यावर टाकायच्या.

मराठीत 'व' एकच. मग दात ओठावर टेकवायचा की ओठांचा चंबू करायचा, हा हिशोब आपल्या कानाने ठेवायचा कशाला? ज्याच्या घरी ळ नाही, त्याचंही तेच. माझी रूममेट कितीही किचकट सर्किट चुटकीसरशी सोडवते, पण सेमिनारला उभी राहत नाही. का? तर कुणीतरी हसेल. आपण हसतो तिच्या हुशारीला नाही, अभ्यासालाही नाही, तर तिच्या दहा महिन्यांच्या कानाला!

आणि माझी मराठी? ती सापडली दुसऱ्या विटेत, म्हणजे रूपिमात. अर्थ असलेला शब्दाचा सगळ्यात लहान तुकडा म्हणजे रूपिम. १९५८ मध्ये जीन बर्को यांनी लहान मुलांना 'वग' नावाचा काल्पनिक प्राणी दाखवला. असे दोन झाल्यावर मुलं लगेच 'वग्झ' म्हणाली. कधीच न ऐकलेला शब्द, पण नियम डोक्यात तयार. आपणही तेच करतो. 'सबमिशनला', 'मेसमधली', 'टेबलाखाली'. शब्द इंग्रजी, सांधे मराठी. 'टेबला' मधला तो 'आ' मला कॉन्व्हेंटमध्ये कुणी शिकवला नाही. सामान्यरूप हा शब्दही मला कॉलेजात आल्यावर कळला. पण ते करत होते तीन वर्षांची असल्यापासून. तेव्हा शब्द उसने असले, तरी मराठी माझीच!

बरं, माळ्यावरच्या विटा खाली काढता येतात. 'आर' आणि 'एल'मध्ये गोंधळणाऱ्या जपानी लोकांना अमेरिकेत वेगवेगळ्या माणसांच्या आवाजातले शब्द पुन्हा पुन्हा ऐकवले, लगेच बरोबर-चूक सांगितलं, आणि त्यांचा कान सुधारला. तो निकाल १९९१ चा. म्हणजे लागतो तो सराव आणि न हसणारा श्रोता.

म्हणून आमच्या रूमवर सध्या करार झालाय. रात्री जेवणानंतर पंधरा मिनिटं मी तिचे 'व्ही' आणि 'डब्ल्यू' ऐकते, आणि ती माझे ऱ्हस्व-दीर्घ तपासते. हा लेखही तिनेच तपासलाय. पुढच्या सेमिनारच्या यादीत तिने आपलं नाव घातलंय. मागच्या बाकावरच्यांनो, त्या दिवशी जरा कान उघडे ठेवा आणि तोंड बंद!