परशूचा एक्का

आजीच्या कुंकवाच्या करंड्याचं झाकण कधीतरी हरवलं होतं. त्याजागी ती गंजिफा या पत्त्यांच्या जुन्या खेळातलं गोल पान ठेवी. पानावर एकच परशू. आजोबांच्या वेळचा दशावतारी संच म्हणजे दहा अवतार, प्रत्येकाची बारा अशी १२० पानं. आमच्या मालवणच्या घरातल्या वाळवीने बाकीचा फस्त केला. मी ते पान मागितलं की ती म्हणे, "एक्क्याक कोण विचारता? झाकणाक बरो." मलाही तेच खरं वाटे. एकटा परशू म्हणजे सगळ्यात हलकं पान!

ती गेल्यावर ते माझ्याबरोबर मुंबईला आलं आणि गिरगावच्या खोलीत आरशाच्या कडेला खोचलं गेलं. पुढे एका ग्रंथालयात रुडी फॉन लायडनचं गंजिफावरचं पुस्तक हाती आलं. बर्लिनचा हा माणूस १९३३ साली मुंबईत आला. स्वतः चित्रं काढी, कलासमीक्षा लिही, हुसेन-रझा या चित्रकारांच्या पाठीशी उभा राहिला. आणि वेड कशाचं, तर या चकत्यांचं! १९८२ साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने ते पुस्तक काढलं. आमच्या घरी वाळवी लागलेली वस्तू तिथे काचेमागे. राग आला, मग लाजही वाटली.

खेळाची गंमतही उशिरा कळली. पाच अवतारांत राजा-प्रधानानंतर दश्शी मोठी, एक्का तळाला. उरलेल्या पाचांत उलट: एक्का वर, दश्शी खाली. परशुराम या दुसऱ्या पाचांतला. म्हणजे करंड्यावर इतकी वर्षं प्रधानाच्या खालोखालचं पान बसलेलं होतं.

मागे सावंतवाडीच्या राजवाड्यात गेलो. गंजिफा रंगवण्याची कला विझत आली होती तेव्हा इथले राजेसाहेब शिवरामराजे आणि राणीसाहेब सत्त्वशीलादेवी भोसले यांनी ती परत उभी केली. राणीसाहेब स्वतः ब्रश हातात घेऊन बसल्या. दरबार हॉलमध्ये आजही चित्रकार गंजिफा रंगवतात. मी एकाला माझं पान दाखवलं. त्याने ते कडेने धरून उजेडात फिरवलं, लाखेवरून बोट नेलं. परशूचं पातं बघून मान डोलावली. मग पान उलटं केलं. पाठीवर करंड्याच्या तोंडाएवढं तांबडं वर्तुळ उमटलेलं. नखाने जरासं खरवडून तो म्हणाला, "ह्यो रंग आमचो नाय."