टोनी आयोमीची बोटं

आज पुन्हा ब्लॅक सॅबथ या बँडची १९७० सालची पहिली रेकॉर्ड लावली. ऐकताना लक्ष सारखं बँडचा गिटारवादक टोनी आयोमीच्या बोटांकडे जातं. बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात, नोकरीच्या अगदी शेवटच्या दिवशी, १७ वर्षांच्या या पोराच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं यंत्रात तुटली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हातच जायबंदी! खचलेल्या पोराला कारखान्यातल्या वरिष्ठाने जँगो राइनहार्टची रेकॉर्ड ऐकवली. आगीत दोन बोटं निकामी होऊनही गिटार गाजवलेला तो कलावंत. त्या भल्या वरिष्ठाचे उपकार मोठेच.

मग आयोमीने प्लॅस्टिकची बाटली वितळवली, बोटांच्या मापाची टोपणं केली, घासून घासून बसवली, वर जुन्या जॅकेटचं चामडं चिकटवलं. बोटांना झेपावं म्हणून बँजोच्या पातळ ताराही चढवल्या.

हा पहिला अल्बम लंडनमध्ये जेमतेम १२ तासांत ध्वनिमुद्रित झाला. समीक्षकांनी झोडपला, लोकांनी मात्र तो ब्रिटनच्या यादीत ८व्या क्रमांकावर नेला. त्या समीक्षकांचा मला अजूनही राग येतो. पहिल्याच गाण्यातले ते तीन संथ, जडशीळ स्वर त्यांच्या काळजाला भिडलेच नाहीत?