बटण बंद झाल्यानंतर

यंत्राचे बटण बंद केले की त्यातील वीजही गेली, असा आपणा सर्वांचाच समज असतो. आम्ही राहतो त्या नावड्याला लागूनच तळोज्याची औद्योगिक वसाहत आहे. तेथे दुरुस्तीच्या कामावर जाणाऱ्या तरुणांच्या बाबतीत हा समज प्राणावर बेतू शकतो.

ह्याचे कारण कपॅसिटर. पंख्यातील ज्या डबीला आपण कंडेन्सर म्हणतो, तीच ही वस्तू. समोरासमोर दोन धातूचे पत्रे आणि मध्ये वीज वाहू न देणारा थर, एवढीच तिची मूळ रचना. परंतु ती विद्युतभार साठवून ठेवते. सन १७४५-४६ मध्ये युरोपात तिचा पहिला अवतार, लायडनची बरणी, जन्मास आला. १७४६ मध्ये फ्रान्समधील आबे नोले ह्या आपल्या चर्चच्या सेवकाने १८० सैनिकांना हातात हात देऊन उभे केले आणि अशा बरणीतील वीज त्यांच्यामधून सोडली. सारे एकदम दचकून उडाले! तो धक्का केवळ साठलेल्या विजेचा होता.

कपॅसिटरला रोधक, म्हणजे रेझिस्टर, जोडला की ह्या साठवणीला काळाची शिस्त लागते. रिकामा कपॅसिटर प्रथम अधाशासारखा प्रवाह ओढतो. भरत जाईल तसतशी त्याची ओढ मंदावते. रिकामा होतानाही तोच नियम: जितका भार उरला असेल, तितकाच निचऱ्याचा वेग. रोध आणि धारकता ह्यांच्या गुणाकाराला कालस्थिरांक म्हणतात. तेवढ्या अवधीत मूळ दाबाचा सुमारे ३७ टक्के भाग उरतो. पुन्हा तेवढ्याच अवधीत त्या उरलेल्याचा ३७ टक्के.

समजा, १०० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरला १ लाख ओहमचा रोधक जोडला आहे. कालस्थिरांक झाला १० सेकंद. आरंभी दाब ३२५ व्होल्ट असेल, तर १० सेकंदांनी सुमारे १२०, २० सेकंदांनी ४४ आणि ५० सेकंदांनी जेमतेम २ व्होल्ट उरतात. गणिताने पाहता शून्य कधीच येत नाही. व्यवहारात पाच कालस्थिरांक पुरेसे मानतात.

म्हणूनच कारखान्यातील मोठ्या कपॅसिटरांना निचऱ्यासाठी कायमचे रोधक बसवलेले असतात. परंतु असा रोधक आतून तुटला, तर निचऱ्याची वाट बुजते आणि भार तासन्‌तास तसाच राहू शकतो. यास्तव बटण बंद करावे, नेमलेला अवधी थांबावे, मीटरने दाब मोजावा आणि मगच हात घालावा. काही जण घाईने स्क्रू-ड्रायव्हर टेकवून वीज उतरवतात. तेथे रोध जवळजवळ नसतोच. सारा भार एका क्षणात बाहेर पडतो, ठिणगी उडते, धातू वितळतो, डोळा जाऊ शकतो.

आमच्या मते घरातील कलहाचीही हीच गत आहे. बोलणे बंद झाले म्हणजे राग निवळला असे नव्हे. इफिसकरांना लिहिताना संत पौल सूर्यास्तापूर्वी राग सोडावयास सांगतो, तेव्हा तो निचऱ्याची वाट मोकळी ठेवण्याचाच उपदेश करीत असतो. प्रायश्चित्त संस्कार, क्षमेचे दोन शब्द, वडीलधाऱ्याची मध्यस्थी, ह्या त्या वाटा होत. त्यांना वेळ लागतो. पण त्यांत कोणी भाजत नाही.

आपला मुलगा वा मुलगी पाळीवर निघाली, की आपण 'सांभाळून जा' म्हणतो. त्यात आणखी एक वाक्य जोडावे: 'बंद केल्यावर थांब, मोज आणि मग हात लाव.'