सिफर

आमच्या उर्दू शाळेत शून्याला ‘सिफर’ म्हणतात. जानेवारी २०२४ मध्ये कतारच्या आशियाई चषकात भारताने हाच सिफर गिरवला. ऑस्ट्रेलियाकडून ०-२, उझबेकिस्तानकडून ०-३, सीरियाकडून ०-१. तीन सामने, गोल एकही नाही. नेरमध्ये सगळे क्रिकेटवाले. माझे दुःख ऐकणार कोण?

६ जूनला कोलकात्यात सुनील छेत्री निरोपाचा सामना खेळला. नावावर ९४ गोल; पण कुवेतविरुद्धचा तो सामनाही ०-० सुटला. मार्च २०२५ मध्ये चाळीस वर्षांच्या छेत्रीलाच परत बोलवावे लागले.

मी अम्मीजवळ चिडलो, “इतक्या वर्षांत दुसरा तयारच केला नाही! क्लबवालेही गोलासाठी परदेशी खेळाडू आणतात. आपली पोरं शिकणार कधी?”

तांदूळ निवडता निवडता अम्मी म्हणाली, “बेटा, तुझ्या वर्गात उत्तर कोण देतं?”

मी गप्प झालो. प्रश्न विचारला की माझी नजर पहिल्या बाकावरच्या एकाच मुलीकडे जाते. तपासणीला साहेब आले तर हमखास.

दुसऱ्या दिवशी मी शेवटच्या बाकाला प्रश्न विचारला. मुलगा अडखळत उठला. उत्तर चुकले. तो घाईने खाली बसू लागला.

“बसू नकोस,” मी म्हणालो, “पुन्हा सांग.”