मानवतचा मोंढा, नेमगिरीचा दगड

परभणीहून पश्चिमेकडे निघालेली गाडी मानवत रोडला पोहोचते, तोवर दोन्ही बाजूंस काळी माती आणि पांढरा कापूस दिसू लागतो. मानवतच्या मोंढ्यात कापसाची सत्ता. 1 मे 1999 रोजी वेगळ्या झालेल्या हिंगोली जिल्ह्यात, वसमतला, हळदीचे ढीग. जिल्हे दोन झाले, नातीगोती आणि उधारी मात्र एकच राहिली. एकीकडे मंदी आली की दुसरीकडची वसुलीही रेंगाळते.

ऑगस्ट 2025 मध्ये कापसावरील 11 टक्के आयातशुल्क स्थगित झाले आणि भावावर दडपण आले. 2025-26 च्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला 8110 रुपये होता. परंतु तो मिळण्यासाठी ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी आवश्यक ठरली. ज्याला ती जमली नाही, तो कमी भावात माल विकण्यास तयार होतो. व्यापाऱ्याची कसोटी तेथेच लागते. अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत खोटे वजनमाप गणले आहे. अडलेल्याची नोंदणी करून देणारी पेढी एक सौदा गमावते, पण खाते राखते.

जिंतूरजवळ नेमगिरीच्या गुंफेत भगवान पार्श्वनाथांची भव्य मूर्ती लहानशा दगडावर तोललेली आहे. पेढीचा भारही विश्वासाच्या तेवढ्याच आधारावर असतो.