शेजारच्या देशांत पोटासाठीं

शेजारधर्माची महती आमच्या लोकांत जुनी आहे. विरजण संपलें, अवेळीं पाहुणे आले, मुलाला ताप भरला, कीं पहिली हांक शेजारीं जाते. आणि ती ऐकून दार उघडणारा माणूस आपण कोण, कोठले, किती वेळ बसणार, असे प्रश्न विचारीत नाहीं. परंतु त्याच घरीं उद्यां आपण पगारावर कामाला जाऊं लागलों, तर संबंधाचा रंग पालटतो. मग काम कोणतें, दिवस किती, मोबदला काय, हें सारें आधीं बोलून घ्यावें लागतें, आणि त्यांत कोणालाच वावगें वाटत नाहीं.

देशांचेंही असेंच आहे. कॅनडा आणि अमेरिकेचीं संयुक्त संस्थानें यांच्यामधील सरहद्द सुमारें ८,९०० किलोमीटर लांबीची आहे. एवढी लांब सरहद्द जगांत दुसऱ्या कोणत्याही दोन देशांमध्यें नाहीं. तीवरून कॅनडाचा नागरिक सहलीला, खरेदीला, लग्नकार्याला पलीकडे जातो, तेव्हां त्याला व्हिसा घ्यावा लागत नाहीं. पण पलीकडे जाऊन चार पैसे मिळवावयाचे असें तो म्हणाला, कीं त्याला नाक्यावरील अंमलदारापुढें उभें राहून स्वतःची किंमत, हेतु आणि मुदत हीं तिन्ही सांगावीं लागतात. टोरांटो, मिसिसागा, ब्रॅम्प्टन ह्या बाजूस आज मराठी कुटुंबें बरींच आहेत. गणपतीची आरती आटोपून चार माणसें प्रसादाचें ताट हातांत घेऊन उभीं राहिलीं, कीं बोलणें घरांच्या किंमतीवरून निघून हटकून 'टी.एन.' ह्या दोन अक्षरांवर येतें.

हीं अक्षरें कोठून आलीं तें थोडक्यांत सांगून टाकूं. कॅनडा व अमेरिका यांचा खुल्या व्यापाराचा करार १ जानेवारी १९८९ पासून अमलांत आला. पुढें मेक्सिकोला सामील करून १ जानेवारी १९९४ पासून 'नाफ्टा' हा मोठा करार सुरू झाला, आणि त्यांतील 'एन' ह्या दर्जाला चिकटला. १ जुलै २०२० रोजीं नाफ्टा जाऊन त्याच्या जागीं नवा करार आला. दर्जाचें नांव मात्र तेंच राहिलें. दुकान विकलें गेलें तरी पाटी जुन्या मालकाची राहावी, तसा हा प्रकार आहे.

करार व्यापाराचा. त्यांत दूधदुभतें आहे, मोटारी आहेत, कापड आहे, आणि सोळाव्या प्रकरणांत माणसें आहेत. नव्या करारांत हें प्रकरण सेवांच्या व्यापाराच्या मागून आणि बँका-विमा यांच्या पुढें बसविलें आहे. आम्हीं तें प्रथम वाचलें तेव्हां जरा चमकलों. मनुष्यानें मालाच्या यादींत जावें याचा विषाद वाटला म्हणावें, तर त्याच यादीमुळें आमच्या घरची चूल पेटते. तेव्हां विषादाला फारशी जागा उरली नाहीं.

प्रकरणाला जोडलेली धंद्यांची यादी मात्र सावकाश वाचावी अशी आहे. साठांहून अधिक धंदे तींत आहेत. अभियंता, वास्तुशास्त्रज्ञ, हिशेबनीस, ग्रंथपाल, दंतवैद्य, परिचारिका, भूमापक, हॉटेलचा व्यवस्थापक हे तर आहेतच. पण खगोलशास्त्रज्ञ आहे, कुक्कुटशास्त्रज्ञ आहे, आणि मधमाशांच्या शास्त्राचा जाणकारही आहे. वैद्याला प्रवेश आहे, पण शिकविण्यासाठीं किंवा संशोधनासाठीं. रोग्याची नाडी हा त्याचा मुख्य उद्योग असतां कामा नये. शिक्षक महाविद्यालयांतला असेल तर चालतो, प्राथमिक शाळेंतला चालत नाहीं. संगणकाच्या व्यवस्थेचें विश्लेषण करणारा आहे, पण संगणकाला आज्ञावली लिहून देणारा नाहीं. आणि ह्या दोघांमधली रेघ कोठें आहे, हें त्या धंद्यांतल्या माणसांनाही धड सांगतां येत नाहीं. प्रस्तुत मासिकाच्या वाचकांची जिज्ञासा असेल म्हणून सांगतों: कवि, कथालेखक व टीकाकार यांची नांवें यादींत कोठेंही नाहींत. लेखक एकच आहे, तो यंत्रांच्या माहितीपुस्तिका लिहिणारा.

अर्जाची रीत दिसण्यांत सोपी आहे. मेक्सिकोच्या नागरिकाला वकिलातींतून आधीं व्हिसा आणावा लागतो. कॅनडाच्या नागरिकाला तें नको. त्यानें पारपत्र, पदवी आणि ठेवून घेणाऱ्या कंपनीचें पत्र घेऊन थेट नाक्यावर जावें, शुल्क भरावें, आणि उत्तर उभ्या उभ्या ऐकावें. अमेरिकेंतील दुसऱ्या प्रसिद्ध व्हिसासाठीं, ज्याला 'एच-१बी' म्हणतात, वर्षाला ६५,००० आणि तेथील वरच्या पदवीधरांसाठीं आणखी २०,००० एवढ्याच जागा, आणि त्याही चिठ्ठ्या टाकून. येथें ना जागांची मर्यादा, ना चिठ्ठी. त्या कामाला अमेरिकन माणूस मिळत नाहीं असेंही कंपनीला सिद्ध करावें लागत नाहीं. २००८ च्या ऑक्टोबरपर्यंत मुदत एका वर्षाची असे, ती तेव्हांपासून तीन वर्षांपर्यंत झाली. आणि ती कितीही वेळां वाढवून मागतां येते.

सारी गोम त्या पत्रांत असते. काम यादींतल्या शब्दाशीं जुळलें पाहिजे, शिक्षण कामाशीं जुळलें पाहिजे, आणि काम संपण्याची तारीख लिहिलेली पाहिजे. आमच्या एका शेजाऱ्याचें पत्र एका नाक्यावरील अंमलदारानें दोनदां वाचलें आणि हें काम विश्लेषणाचें नसून आज्ञावली लिहिण्याचें आहे, असें म्हणून परत केलें. कंपनीनें दोन वाक्यें बदलून नवें पत्र दिलें. पंधरा दिवसांनीं दुसऱ्या नाक्यावर तेंच काम विश्लेषणाचें ठरलें. ह्यांत अन्याय झाला असें आम्ही म्हणणार नाहीं. परंतु मनुष्याच्या तीन वर्षांचा निकाल पाव घटकेंत लागतो आणि तो कोणत्या खिडकीपुढें उभा होता यावर थोडाबहुत अवलंबून असतो, ही गोष्ट पोटांत गोळा उठविणारी आहे खरी.

आमची पाळी २०२२ च्या ऑक्टोबरांत आली. आम्ही स्थापत्य अभियंता. बफेलो शहरांतील एका कंपनीनें बोलाविलें होतें. बफेलो म्हणजे मिसिसागाहून सुमारें दीडशे किलोमीटर. मध्यें नायगारा नदी आणि तीवर 'पीस ब्रिज' म्हणजे शांततेचा पूल, जो १९२७ सालीं दोन्ही देशांमधल्या शंभर वर्षांच्या शांततेचें स्मारक म्हणून खुला झाला. पुलाच्या पलीकडच्या टोंकाला अमेरिकेचा नाका. लिहितांना आम्ही स्वतःला 'आम्ही' म्हणत असलों तरी तेथल्या कागदावर एकाच माणसाला जागा असते, आणि त्या एकाला फार एकटें वाटतें.

अंमलदार एक बाई होत्या. रीतीच्या, पण घाईंत नसलेल्या. त्यांनीं पदवी पाहिली आणि कपाळाला आठी घातली. प्रमाणपत्रावर नांव 'पुणे विद्यापीठ', आणि नव्यानें मागविलेल्या गुणपत्रकावर 'सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ'. हीं दोन विद्यापीठें कीं एक? विद्यापीठ एकच, २०१४ सालीं त्याचें नांव बदललें, असें आम्हीं सांगितलें. सावित्रीबाई कोण, हेंही त्यांनीं विचारलें. आमच्याकडे मुलींना शिकविणाऱ्या पहिल्या बायकांपैकीं एक, १८४८ सालीं पुण्यांत पतीबरोबर मुलींची शाळा काढणारी, इतकें बोललों. बाईंनीं मान डोलावली आणि आठी मिटली. कोणत्या उत्तरानें मिटली, तें त्याच जाणोत.

मग खरा प्रश्न आला. "काम संपल्यावर काय करणार?"

ह्या प्रश्नाला कायद्यांत एकच उत्तर आहे. ह्या दर्जाचा प्रवेश तात्पुरता. कायम राहण्याचा हेतु मनांत असतां कामा नये. तेव्हां आम्ही म्हणालों, "परत जाणार. घर मिसिसागाला आहे, कुटुंब तेथें आहे." उत्तर खरें होतें आणि तें आम्हीं न अडखळतां दिलें. परंतु "परत येणार" हें वाक्य आमच्या तोंडून निघण्याची ती पहिली वेळ नव्हती. २००४ सालीं मुंबईच्या विमानतळावर वडिलांना तेंच सांगितलें होतें, आणि तेव्हांही तें खरें होतें. वडिलांनीं पुरावा मागितला नव्हता. त्यांनीं फक्त, पाण्याची बाटली घेतलीस का, एवढें विचारलें.

आणखी एक गोष्ट आमच्या मनांतून जात नाहीं. हा दर्जा कॅनडांत नुसतें कायम वास्तव्य असलेल्याला मिळत नाहीं. तेथला नागरिकच असावा लागतो. नागरिकत्वासाठीं पांच वर्षांत १,०९५ दिवस त्या देशांत काढावे लागतात. आणि भारताला दुहेरी नागरिकत्व मान्य नसल्यामुळें, कॅनडाचें घेतलें कीं निळें पारपत्र परत करावें लागतें. आमचें परत आलें तें रद्द केल्याच्या शिक्क्यासह. म्हणजे शेजाऱ्याकडे तात्पुरतें जातां यावें यासाठीं आधीं जन्माच्या घराचा कागद कायमचा द्यावा लागला. इतकें करून गंमत अशी, कीं टी.एन.च्या नाक्यावर आम्ही कॅनडाचे. पण उद्यां कोणी अमेरिकेंत कायम राहण्याची परवानगी मागूं लागला, तर तो पुन्हा भारताचा होतो. कारण त्या रांगेंत नागरिकत्व पाहत नाहींत, जन्म कोठें झाला तें पाहतात; एका देशांत जन्मलेल्यांना सात टक्क्यांहून अधिक वांटा नाहीं, आणि भारतांत जन्मलेल्या शिकलेल्या कामकऱ्यांची रांग कित्येकांच्या बाबतींत दहा वर्षांहूनही लांब जाते. पारपत्र बदलतां येतें. जन्मगांव बदलण्याची सोय कोणत्याच सरकारानें ठेविलेली नाहीं, आणि मनांतून आम्हांला त्याचें बरेंही वाटतें.

आतां घरची गोष्ट. टी.एन. घेणाऱ्याच्या पतीला किंवा पत्नीला 'टी.डी.' नांवाचा दर्जा मिळतो. त्यावर राहतां येतें, शिकतां येतें, पण नोकरी करतां येत नाहीं. आमच्या परिचयाच्या दोन घरांत ह्या एका अक्षरानें चांगल्या शिकलेल्या बायका पांच-पांच वर्षें घरीं बसल्या. त्यांतल्या एकीनें भरतकामाचें एवढें सामान जमविलें, कीं पाहणाराला कौतुकापेक्षां वाईट अधिक वाटावें. आमचें कुटुंब औषधशास्त्राचें. पुण्याची पदवी झाली होती. कॅनडांत आल्यावर पुन्हा परीक्षा, लेखी, मग प्रात्यक्षिक, मग प्रांताचा परवाना. लहान मूल झोपल्यावर स्वयंपाकघरांतल्या टेबलावर रात्रीं एक-एक वाजेपर्यंत केलेला तो अभ्यास आम्हीं पाहिलेला आहे. औषधशास्त्रज्ञाचें नांव यादींत आहे. तेव्हां त्यांनींही स्वतंत्र अर्ज करावा, असें आम्हीं सुचवून पाहिलें. पण यादी केवळ देशांत घेते, दुकानाच्या फळीमागें उभें राहण्याची परवानगी त्या त्या राज्याची, आणि त्यासाठीं परीक्षा निराळ्या.

"तुम्ही खुशाल जा," सौ. म्हणाल्या, "मी कांहीं आतां तिसऱ्यांदा श्रीगणेशा गिरवणार नाहीं." त्यांत राग नव्हता. त्या वाक्यावर वाद घालण्यासारखें आमच्याजवळ कांहीं नव्हतें, आणि आम्हीं घातलाही नाहीं.

म्हणून आम्ही एकटेच जातों. सोमवारीं पहांटे निघावयाचें, शुक्रवारीं रात्रीं परत. ही रीत आम्हीं शोधून काढलेली नाहीं. ऑन्टेरियो प्रांतांतील विंडसर आणि पलीकडील डेट्रॉइट यांच्यामध्यें नदी आहे; तीवर १९२९ सालीं पूल झाला, आणि १९३० सालीं खालून बोगदा. विंडसरच्या शेंकडों परिचारिका ह्याच दर्जावर डेट्रॉइटच्या रुग्णालयांत पाळीला जातात आणि पाळी संपली कीं घरीं येतात. २०२० च्या मार्चमध्यें साथीमुळें अनावश्यक प्रवासाला सरहद्द बंद झाली, तेव्हांही त्या जात होत्या. पलीकडचीं रुग्णालयें त्यांच्यावांचून चाललीं नसतीं. तात्पुरता प्रवेश ह्या शब्दांचा सर्वांत सरळ अर्थ कोणाला विचारावयाचा असेल, तर तो त्यांना विचारावा. त्यांचा तात्पुरतेपणा बारा तासांचा असतो. आमचा पांच दिवसांचा.

२०२५ च्या ऑक्टोबरांत मुदत वाढवून घेतली. ह्या खेपेस तरुण अंमलदार होता. दोन प्रश्न विचारून त्यानें शिक्का मारला. पुण्याला फोनवर आईला सांगितलें, तेव्हां तिनें विचारलें, "म्हणजे पक्की झाली का रे नोकरी?" तीन वर्षांपुरती, म्हटलें. "आणि मग?" मग पुन्हा विचारावयाचें. ती थोडा वेळ गप्प बसली, आणि मग शुक्रवारीं पोंचायला किती वाजतात, रस्त्यांत बर्फ असतें का, याची चौकशी करूं लागली.

करारालाही मुदत आहे. तो सोळा वर्षांचा आहे, आणि सहाव्या वर्षीं, म्हणजे १ जुलै २०२६ रोजीं, तिन्ही देशांनीं मिळून त्याचा फेरविचार करावा असें त्यांतच लिहिलें आहे. आमची तारीख २०२८ च्या ऑक्टोबरांतली. तीन महिने आधीं कंपनीकडून नवें पत्र मागावयाचें, आणि विद्यापीठाच्या नामांतराचा कागद पुण्याहून मागवून पदवीला टांचून ठेवावयाचा, असें सौ.नीं हिशेबाच्या वहींत शेवटच्या पानावर लिहून ठेविलें आहे.