दहा लिटरचे वीस

हॉस्टेलच्या मेसमध्ये चार वर्षं काढलेल्या माणसाला 'पातळ करणे' हा विषय वेगळा शिकवावा लागत नाही. रात्री नऊनंतर जेवायला गेलं की आमटीत डाळ शोधायची कला आपोआप येते. पण पाणी घालण्यातही शास्त्र असतं, हे मला कळलं ते अमेरिकेत एम.एस. करताना, माझ्या रूमपार्टनरमुळे.

पठ्ठ्या केमिकलचाच. छंद घरी बिअर करण्याचा. दचकू नका! तिकडे १९७८ च्या कायद्यापासून घरच्यापुरती बिअर करायला केंद्र सरकारची मुभा आहे. एकट्या प्रौढ माणसाला वर्षाला १०० गॅलन, म्हणजे साधारण ३७८ लिटर. विकायची मात्र नाही. आपल्याकडे परवान्याशिवाय असला उद्योग सरळ गुन्हा होतो, तेव्हा मागच्या विंगमधल्या मंडळींनी हा लेख प्रॅक्टिकलचं जर्नल समजू नये.

त्याच्या पदवीदान समारंभाला वडील येणार होते. आयुष्यभर ट्रक चालवलेला माणूस, आणि घरातला हा पहिलाच ग्रॅज्युएट. "माझ्या हातची बिअर पाजीन" असं यानं फोनवर कबूल केलेलं. पाहुणे धरून लागणार २० लिटर. पातेलं १२ लिटरचं, आणि आमची विजेची शेगडी त्याहून मोठ्या भांड्याला उकळी आणायचं नाव घेत नसे. दोन घाणे काढावेत तर दुसऱ्या दिवशी पेपर.

शेजारच्या खोलीतला एक जण म्हणाला, "दहा लिटर कर, तयार झाली की दहा लिटर पाणी ओत." झालं! चार टक्क्यांची बिअर दोन टक्क्यांवर येणार, चव पळणार, शिवाय नळाच्या पाण्यातला ऑक्सिजन तयार बिअर शिळी करणार. मोठे कारखाने आंबवल्यानंतर पाणी घालतात, पण मुळात बिअर दाट केलेली असते आणि पाण्यातली हवा आधी काढलेली असते.

आमचा हिशेब फर्स्ट इयरचा. विशिष्ट गुरुत्व १.०४० चा २० लिटर काढा हवा, तर १० लिटर १.०८० चा उकळायचा. साखर तेवढीच, पाणी नंतर. त्यासाठी बार्लीच्या माल्टची सव्वादोन किलो पावडर लागली. गंमत हॉप्सच्या फुलांची. कडवटपणा त्यांचा, आणि पाणी घातल्यावर तोही निम्मा होणार. त्यात दाट काढ्यात तो उतरतोही कमी! म्हणून अर्धी पावडर मागे ठेवून उकळी संपायच्या पंधरा मिनिटं आधी घातली. तोवर काढा पातळ, फुलांचं काम चोख.

वरचं पाणी आदल्या रात्रीच उकळून (क्लोरीन जावा म्हणून) झाकून फ्रीजमध्ये. काढा बर्फाच्या टबात ३५ अंशांवर आणला, पाणी ५ अंशांचं, समान भागात मिसळल्यावर २०. यीस्टला हवं तेच! हे पाणी आंबवण्याआधी घातलं, त्यामुळे त्यातला ऑक्सिजनही यीस्टच्याच कामी येतो. हायड्रोमीटर सोडला. १.०४१.

मी दारूला शिवणार नाही, हे आईला दिलेलं वचन. पण यीस्ट पडण्याआधी काढ्यात अल्कोहोल नसतं, म्हणून एक चमचा चाखला. पातळ काकवीत कडुनिंबाचं पान बुडवल्यासारखा. लोक यासाठी एवढे वेडे का होतात, ते मला आजही उमगलेलं नाही. गणितासाठी होत असतील तर समजू शकतो.

गाळ वगळून ५२ बाटल्या भरल्या. महिन्याभरानं समारंभाच्या संध्याकाळी वडिलांनी ग्लास दिव्यासमोर धरला, दोन घोट घेतले, बराच वेळ काही बोलले नाहीत. मुलाचा चेहरा व्हायव्हाला उभा असल्यासारखा.

"केवढ्या भांड्यात केलीस?"

"बारा लिटरच्या."

ते स्वयंपाकघरात जाऊन पातेलं बघून आले. रात्री निघताना चार बाटल्या उरल्या होत्या, त्या त्यांनी आपल्या सीटमागे टॉवेलमध्ये गुंडाळून ठेवल्या.